दोघं जिंकले तर बिघडतं कुठे?

अमेरिकेतल्या टेक्सास आणि ओक्लाहोमा या दोन विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना दर ऑक्टोबरात डॅलसला होतो. टेक्सासचं विद्यापीठ ऑस्टिनला, ओक्लाहोमाचं नॉर्मनला. ऑस्टिनहून डॅलसला यायला गाडीने साधारण तीन तास, नॉर्मनहूनही तेवढेच. कुणाच्याच अंगणात नको म्हणून मधलं गाव. शहरात तेव्हा ‘स्टेट फेअर’ची मोठी जत्रा भरलेली असते आणि तिच्या आवारातच कॉटन बोल हे जुनं स्टेडियम आहे. आत गेलं की अर्धी गर्दी करपट नारिंगी, अर्धी गडद लाल, आणि दोन्ही रंग पन्नास यार्डांच्या रेषेवर सुरीने कापल्यासारखे वेगळे झालेले. बाहेर मात्र दोन्हीकडची माणसं काडीला टोचून तळलेला कॉर्नडॉग घ्यायला एकाच रांगेत.

११ ऑक्टोबर २००८ ला तिथे टेक्सासने ओक्लाहोमाला ४५-३५ असं हरवलं. आमच्या ऑफिसात ऑस्टिनला शिकलेला एक जण होता. सोमवारी सकाळी त्याने ‘४५-३५’ एवढेच आकडे कागदभर मोठे छापले आणि नॉर्मनचा सहकारी ज्या वाटेने कॉफी आणायला जातो तिथे भिंतीवर चिकटवले. नॉर्मनवाल्याने कागद काढला. मंगळवारी नवा लागला. हे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत चाललं आणि थँक्सगिव्हिंगनंतर त्या कागदाचा अर्थच बदलला. कारण त्या वर्षी त्यांच्या गटातून अंतिम सामन्याला गेला तो ओक्लाहोमाच.

फुटबॉल म्हणजे इथला, लंबगोल चेंडूचा. कॉलेजांचे सामने शनिवारी, व्यावसायिक संघांचे रविवारी. विद्यापीठं ‘कॉन्फरन्स’ नावाच्या समूहांत वाटलेली असतात आणि प्रत्येक कॉन्फरन्स आपापला विजेता ठरवते. मोसम पुरता बारा सामन्यांचा. अंगाला अंग भिडणारा खेळ, आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना शरीर सहन करत नाही. त्यामुळे सगळ्यांनी सगळ्यांशी खेळून एकदाचा निकाल लावायचा, ही साधी वाट मोठ्या कॉन्फरन्सना बंदच असते. पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

२००८ मध्ये बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्समध्ये बारा संघ होते, उत्तर सहा आणि दक्षिण सहा. दोन्ही बाजूंचे पहिले एकमेकांशी खेळणार आणि जिंकेल तो विजेता. दक्षिणेत टेक्सास, ओक्लाहोमा आणि टेक्सास टेक असे तिघे जबरदस्त होते. टेक्सासने ओक्लाहोमाला हरवलं ते वर आलंच. १ नोव्हेंबरच्या शनिवारी टेक्सासचा संघ लबकला टेकशी खेळायला गेला. त्या संध्याकाळी आमच्याकडे मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम होता, एका शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन. आमच्यातला एक जण लबकला एमएस केलेला. मसालेभाताचं पातेलं त्याच्या ताब्यात होतं, पण दर पाच मिनिटांनी डाव माझ्या नवऱ्याच्या हातात देऊन तो पार्किंगमध्ये गाडीचा रेडिओ ऐकायला पळत होता. शेवटी कार्यक्रम आटपून आम्ही भांडी गाड्यांत भरत होतो, तेव्हा पार्किंगमधून अशी आरोळी आली की सभागृहाचा रखवालदार बाहेर आला. शेवटच्या क्षणी टेकच्या ग्रॅहम हॅरेलने फेकलेला चेंडू त्याच्याच संघातल्या मायकल क्रॅबट्रीने कडेला पकडला होता, अंगावर आलेल्यांना झटकून आत घुसला होता, आणि घड्याळात एक सेकंद उरला होता. टेक ३९, टेक्सास ३३. पैठणी नेसलेल्या एका काकूंनी मला विचारलं, “भारत जिंकला का गं?”

मग २२ नोव्हेंबरला टेक नॉर्मनला गेला आणि ओक्लाहोमाने त्यांना ६५-२१ असं अक्षरशः तुडवलं.

झालं. टेक्सास ओक्लाहोमाला भारी, टेक टेक्सासला भारी, ओक्लाहोमा टेकला भारी. तिघांचे अकरा विजय, एक पराभव. कॉन्फरन्समध्ये तिघेही सात-एक. आमनेसामने बघावं तर चक्र फिरतच राहतं. बिग ट्वेल्व्हच्या नियमांची यादी उतरत उतरत शेवटी आली ती बीसीएसच्या क्रमवारीवर. देशाच्या अंतिम सामन्याला कोणते दोन संघ जाणार हे त्या काळी या बीसीएसच्या हिशेबावर ठरायचं. एक तृतीयांश एका मतदानाचं, एक तृतीयांश दुसऱ्या मतदानाचं आणि उरलेलं एक तृतीयांश सहा संगणकांच्या सरासरीचं. त्यात ओक्लाहोमा ०.९३५१, टेक्सास ०.९२२३. फरक ०.०१२८. तेवढ्यावर ओक्लाहोमा कॅन्सस सिटीला गेला, मिझुरीला ६२-२१ हरवून कॉन्फरन्सचा विजेता ठरला आणि राष्ट्रीय अंतिम सामन्यालाही पोचला. तिथे फ्लोरिडाने त्यांना २४-१४ हरवलं, ही गोष्ट वेगळी.

ऑस्टिनवाल्याचं म्हणणं सरळ होतं. दोघांचा सामना झाला, तोही कुणाच्याच घरी नाही, आम्ही दहा गुणांनी जिंकलो, मग आणखी काय हवं? नॉर्मनवाला म्हणायचा, मग टेकला विचारा, त्यांनी तुम्हाला हरवलंय. आणि खरी गंमत अशी की टेकला कुणीच विचारत नव्हतं. अख्ख्या देशात वाद चालला होता तो दोन बड्या घराण्यांचा; तिसरा भाऊ तेवढाच कर्तबगार, पण वाटणीच्या बोलणीत त्याला बसवलंच नाही. ६५-२१ ने तो मनातून उतरला होता. पण नियमाच्या दृष्टीने पराभव हा पराभवच, एका गुणाचा काय आणि चव्वेचाळीस गुणांचा काय. टेकचे प्रशिक्षक माइक लीच हे तिरकस बोलण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांनी सुचवलं की तिन्ही विद्यापीठांतले किती खेळाडू पदवीपर्यंत पोचतात ते बघा आणि त्यावर ठरवा. लोक हसले. मला मात्र ते बीसीएसपेक्षा फार वेडगळ वाटलं नाही. निदान ‘कॉलेज’ या शब्दाशी त्याचा काही संबंध होता.

त्या हिशेबात मला सगळ्यात खटकलं ते दशांश नव्हेत. मतांवर निकाल ठरतो म्हटलं की जिंकलेल्या सामन्यातही हाणत राहावं लागतं, मतं देणाऱ्यांचे डोळे दिपले पाहिजेत म्हणून. ओक्लाहोमाने त्या मोसमात शेवटी सलग पाच सामन्यांत साठाच्या वर गुण केले. त्यांचा संघ होताच तसा, त्यांच्या सॅम ब्रॅडफर्डला त्या वर्षीचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळाला. पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये निकाल लागलेला असताना समोरच्या पोरांना बदडत राहणं हे कुठल्या नियमाने शिकवलं, ते बघायला हवं. शेजारच्या एसईसी कॉन्फरन्सचा नियम थोडा वेगळा होता: तिघांची बरोबरी झाली तर क्रमवारीवरून तिसऱ्याला बाजूला करायचं आणि वरचे दोघे जवळजवळ असतील तर त्यांच्या आपसातल्या सामन्यावर सोडायचं. तो नियम बिग ट्वेल्व्हला असता तर टेक्सास गेला असता. एकच मोसम, तेच निकाल, तीच पोरं, आणि कार्यालय कोणत्या शहरात आहे त्यावर विजेता बदलतो.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावायला फार कष्ट पडत नाहीत. २०१९ चा लॉर्ड्सवरचा विश्वचषक अंतिम सामना सगळ्यांनी पाहिलेला आहे. सामना बरोबरीत, सुपर ओव्हर बरोबरीत, आणि मग इंग्लंडचे चौकार-षटकार जास्त म्हणून कप इंग्लंडला. आयसीसीने नंतर तो नियम बदलला. पण त्या रात्री नियम लिहिलेला होता, दोन्ही संघांना माहीत होता, मोडला कुणीच नव्हता. तरी आपल्या घरात न्यूझीलंडशी काडीचा संबंध नसलेली माणसंही हळहळली. नियम आधीपासून लिहून ठेवला की भांडण कमी होतं एवढंच. तो न्याय्य झाला असं नव्हे.

बिग टेन कॉन्फरन्समध्ये १९७३ साली जे झालं, ते ऐकल्यावर मला २००८ फारच सभ्य वाटायला लागलं. ओहायो स्टेट आणि मिशिगन. ओहायोचे प्रशिक्षक वुडी हेज, मिशिगनचे बो शेम्बेकलर, आणि शेम्बेकलर हे हेज यांच्याच हाताखाली तयार झालेले. गुरू-शिष्याचं ते भांडण दहा वर्षं चाललं आणि दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी दोघांच्या सामन्यावर सगळं ठरायचं. त्या वर्षी २४ नोव्हेंबरला अॅन आर्बरमध्ये दोन्ही संघ एकही सामना न हरता उतरले. मध्यंतराला ओहायो १०-० ने पुढे. चौथ्या क्वार्टरमध्ये मिशिगनने बरोबरी केली. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा गडी, डेनिस फ्रँकलिन स्वतः चेंडू घेऊन आत घुसला. त्यानंतर त्याच फ्रँकलिनचं गळपट्टीचं हाड मोडलं. शेवटी मिशिगनचे दोन फील्ड गोल, म्हणजे लाथेने खांबांमधून मारायचे गोल, हुकले. १०-१०. जादा वेळ नावाची गोष्ट तेव्हा कॉलेजात नव्हतीच. ती नियमित मोसमात आली १९९६ ला.

कॉन्फरन्समध्ये दोघांचे सात विजय, एक बरोबरी. दोघे सहविजेते. इथवर कुणाचीच तक्रार नव्हती. पण बिग टेनचा विजेता नववर्षाला कॅलिफोर्नियात पॅसाडीनाला रोझ बोल हा मोसमानंतरचा मानाचा सामना खेळायला जायचा आणि जागा एकच होती. वर बिग टेनचा दंडक असा की रोझ बोल सोडून दुसऱ्या कुठल्याही बोलला आपल्या संघाने जायचं नाही. म्हणजे एक जण पॅसाडीनाला, दुसरा घरी. दुसऱ्या दिवशी, रविवारी, दहा विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी मतं दिली. निकाल ६-४, ओहायो स्टेट.

आदल्या वर्षी ओहायोच गेला होता, त्यामुळे या खेपेला मिशिगन जाणार असं सगळे धरून चालले होते. मग मत फिरलं कुठे? फ्रँकलिनच्या हाडावर. क्वार्टरबॅकशिवाय मिशिगन रोझ बोलमध्ये टिकणार नाही आणि कॉन्फरन्सची अब्रू जाईल, हा विचार मतांमागे होता. म्हणजे दोन्ही संघांनी मैदानात जे केलं ते बाजूला ठेवलं आणि पुढच्या महिन्यात ते काय करतील याचा अंदाज बांधला. ओहायोने रोझ बोल ४२-२१ असा जिंकला, त्यामुळे अंदाज बांधणाऱ्यांना आपण शहाणे आहोत असंही वाटून घेता आलं. शेम्बेकलर यांनी ही गोष्ट जन्मभर माफ केली नाही. आकडा बघा: १९७२ ते १९७४ या तीन मोसमांत त्यांच्या संघाचे ३० विजय, २ पराभव, १ बरोबरी, आणि तिन्ही वर्षांत पोरं एकही बोल खेळली नाहीत. १९७५ पासून बिग टेनने दंडक सैल केला आणि विजेत्याशिवाय इतरांनाही बोलला जायची मुभा दिली. बैल गेला आणि झोपा केला.

मिशिगनच्या त्या निकालाला बरोबर पन्नास वर्षं झाली आणि २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटच्या बाबतीत तेच घडलं. क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय नोव्हेंबरात मोडला. संघ तरीही तेरापैकी तेरा सामने जिंकून एसीसी कॉन्फरन्सचा विजेता झाला. देशाचा विजेता ठरवणाऱ्या चार संघांच्या बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये, मात्र त्यांना घेतलं नाही. हा संघ आता पहिल्यासारखा राहिला नाही, असं निवड समितीचं म्हणणं. निवड फोनवर होवो नाहीतर बंद खोलीत, एक्स-रे बघून गुण द्यायची सवय काही गेली नाही.

१९७३ च्या गोष्टीत मला जे दिसतं ते इथले बहुतेक लोक वेगळ्या बाजूने बघतात. ते म्हणतात, बघा, बरोबरी राहू दिली की असा गोंधळ होतो, म्हणून एकच विजेता हवा. मला वाटतं, बरोबरीने काहीच गोंधळ केला नव्हता. त्या दिवशी अॅन आर्बरमध्ये दोन संघ सारखे होते, आणि १०-१० हे त्या दुपारचं अगदी प्रामाणिक वर्णन आहे. गोंधळ केला तिकिटाने. विजेतेपद दोघांत वाटता येतं, विमानाचं तिकीट येत नाही. मग तिकीट एक आहे म्हणून विजेताही एकच असला पाहिजे असं ठरलं, आणि पुढची पन्नास वर्षं सगळ्यांनी तो एक शोधण्याची यंत्रं बनवण्यात घालवली.

त्यातलं सगळ्यात यशस्वी यंत्र म्हणजे कॉन्फरन्सचा अंतिम सामना. बारा संघ असतील आणि ते दोन गटांत वाटलेले असतील तर एक जादा सामना खेळवता येईल, असं एक कलम नियमावलीत पडून होतं, तेही खालच्या विभागातल्या कुणाच्या तरी मागणीवरून आलेलं. एसईसीचे कमिशनर रॉय क्रेमर यांच्या ते नजरेत भरलं. आर्कान्सा आणि साउथ कॅरोलिना यांना घेऊन त्यांनी बारा भरले आणि १९९२ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमला पहिला सामना लावला. अलाबामा २८, फ्लोरिडा २१. अलाबामा त्या सामन्याआधी एकही सामना हरलेला नव्हता. हा जादा सामना हरला असता तर राष्ट्रीय विजेतेपद गेलं असतं, म्हणून तेव्हा क्रेमर यांना वेड्यात काढणारे पुष्कळ होते. अलाबामा जिंकला, राष्ट्रीय विजेता झाला, टीव्हीवाले खूश झाले, आणि बाकीच्या कॉन्फरन्स बारा संघ जमवायला धावल्या.

गट पाडले की गटांचं नशीब आलं. बिग टेनने २०१४ ते २०२३ अशी दहा वर्षं पूर्व आणि पश्चिम गट ठेवले. दहाही अंतिम सामने पूर्वेने जिंकले. म्हणजे दर वर्षी पश्चिमेचा पहिला अंतिम सामन्यात, आणि पूर्वेचा दुसरा, जो बहुधा त्याच्याहून सरस, तो घरी सोफ्यावर. २०१२ चा किस्सा तर सांगायलाही मजा येते. ओहायो स्टेट बारापैकी बारा जिंकलेला, पण शिक्षेमुळे बाद. पेन स्टेटही शिक्षेमुळे बाद. मग गटात तिसरा असलेला विस्कॉन्सिन, कॉन्फरन्समध्ये चार विजय आणि चार पराभव असलेला, अंतिम सामन्यात घुसला आणि त्याने नेब्रास्काला ७०-३१ धुतलं. बिग टेनचा विजेता, रोझ बोलचा पाहुणा. नेब्रास्काला घरी जाऊन काय वाटलं असेल!

आमच्या टेक्सास राज्याची लाज मात्र २०१४ ची. बिग ट्वेल्व्हमध्ये तोवर दहाच संघ उरले होते (नाव तेच ठेवलं होतं, इथे कॉन्फरन्सच्या नावातला आकडा आणि संघांची संख्या जुळेल अशी अपेक्षा ठेवायची नसते). दहा संघ म्हणजे प्रत्येकाने उरलेल्या नवांशी खेळायचं. खरं तर याहून न्याय्य रचना मोठ्या कॉन्फरन्सच्या फुटबॉलमध्ये मिळणं कठीण. अंतिम सामन्याची गरजच नाही. कॉन्फरन्सने याचीच जाहिरात केली: बाकीच्यांकडे गट आहेत, आमच्याकडे ‘एकच खरा विजेता’. टीव्हीवर ती जाहिरात मोसमभर वाजत होती. आणि मोसम संपला तेव्हा बेलर आणि टीसीयू, टेक्सासमधलीच दोन विद्यापीठं, दोघेही ११-१. बेलरने टीसीयूला ऑक्टोबरात वेकोमध्ये ६१-५८ हरवलं होतं, चौथ्या क्वार्टरमध्ये एकवीस गुणांनी मागे असताना तिथून येऊन. म्हणजे आमनेसामनेचा निकाल हातात होता. तरी कमिशनर बॉब बोल्सबी यांच्या कॉन्फरन्सने दोघांना सहविजेते म्हणून पुढे केलं, चारांच्या प्लेऑफसाठी दोघांचेही दरवाजे उघडे राहावेत या आशेने. दोन दगडांवर पाय. टीसीयू त्या आठवड्यात क्रमवारीत तिसरा होता, शेवटचा सामना ५५-३ जिंकला आणि सहावर घसरला. बेलर पाचवा. चौथी जागा ओहायो स्टेटला, कारण त्यांनी बिग टेनच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनला ५९-० चिरडलं होतं. तोच ओहायो स्टेट पुढे राष्ट्रीय विजेताही झाला.

तुम्ही म्हणाल, तू सहविजेत्यांच्या बाजूची, मग हे तुला का टोचतं? टोचतं ते एवढ्यासाठी की सहविजेतेपद मनापासून द्यायला हवं. मोसमभर एकच, एकच म्हणत राहायचं आणि हिशेब चुकला की दोघांच्या पाठीवर हात ठेवायचा, याला न्याय नाही म्हणत. बिग ट्वेल्व्ह यातून शिकली ते उलटंच. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं तसंच ठेवलं आणि २०१७ पासून वर अंतिम सामनाही लावला. म्हणजे अंतिम सामन्यात येणारे दोघे एकदा आधीच खेळलेले असायचे, २०२२ पर्यंत दर वर्षी, न चुकता. २०१८ ला टेक्सासने कॉटन बोलमध्ये ओक्लाहोमाला ४८-४५ हरवलं आणि डिसेंबरात ओक्लाहोमाने टेक्सासला ३९-२७. एक-एक झाले. दुसरा मोजायचा, पहिला नाही. का? दुसरा नंतर झाला म्हणून. ऑफिसातले आमचे दोघे वीर तोवर वेगवेगळ्या कंपन्यांत गेले होते, नाहीतर भिंतीवर दोन कागद लागले असते.

आता तर सगळंच अवाढव्य झालंय. टेक्सास आणि ओक्लाहोमा २०२४ मध्ये एसईसीत गेले. बिग टेनमध्ये अठरा संघ आहेत, न्यू जर्सीपासून लॉस एंजलिसपर्यंत, आणि प्रत्येकाचे कॉन्फरन्सचे सामने नऊ. म्हणजे सतरांपैकी आठ जणांशी गाठच पडत नाही. एसीसीत सतरा संघ आणि २०२५ पर्यंत आठ सामने. निम्म्यांचं तोंडही दिसत नव्हतं. गट काढून टाकले, वरचे दोघे थेट अंतिम सामन्याला. पण एकमेकांशी न खेळलेले संघ बरोबरीत आले की करायचं काय? तर तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांनी कॉन्फरन्समध्ये एकूण किती सामने जिंकले, त्याची टक्केवारी काढायची. २०२४ ला इंडियाना आणि पेन स्टेट दोघेही ८-१, दोघांनाही हरवणारा एकच, ओहायो स्टेट. पेन स्टेट पुढे गेला तो या टक्केवारीवर. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी तुमचा सामना संपवून तुम्ही टीव्हीसमोर बसायचं आणि ज्याला सप्टेंबरात हरवलं त्याच संघाच्या विजयासाठी देव पाण्यात घालून ठेवायचे.

याची कमाल २०२५ मध्ये एसीसीने दाखवली. व्हर्जिनिया ७-१, एकटा वर. त्याच्याखाली पाच संघ ६-२: ड्यूक, मायामी, जॉर्जिया टेक, एसएमयू, पिट्सबर्ग. टक्केवारीत ड्यूक वर आला. एकूण मोसमात ड्यूकचे सात विजय आणि पाच पराभव, मायामीचे दहा आणि दोन. दोघे एकमेकांशी खेळलेच नव्हते. व्हर्जिनियाने नोव्हेंबरात ड्यूकला त्यांच्याच मैदानावर हरवलं होतं. ६ डिसेंबरला शार्लटला पुन्हा सामना झाला, जादा वेळेत गेला, ड्यूक २७-२० जिंकला आणि एसीसीचा विजेता झाला. आणि मग बारा संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये एसीसीच्या विजेत्याला जागाच मिळाली नाही. मिळाली मायामीला, आणि मायामी थेट अंतिम सामन्यापर्यंत जाऊन इंडियानाकडून हरला. याच ड्यूक आणि व्हर्जिनियाने १९८९ ला एसीसीचं विजेतेपद वाटून घेतलं होतं. तेव्हा अंतिम सामना नव्हता. दोघांनी आपापल्या भिंतीवर १९८९ लिहिलं आणि कुणाचं आभाळ कोसळलं नाही.

माझं गणित यावरून सुचलेलं आहे. देशाच्या प्लेऑफमध्ये २०२४ पासून बारा जागा आहेत. १९७३ ची एका तिकिटाची अडचण संपलेली आहे. मग कॉन्फरन्सने एकालाच मुकुट घालायचा हट्ट कशाला? मोसमाअखेर कुणी एकटा वर असेल तर तो विजेता, सामना नको. दोघे बरोबरीत असतील आणि आधी खेळले नसतील तर खेळवा. खेळले असतील तर जिंकला तो. तिघांचं चक्र झालं तर तिघेही विजेते, आणि २००८ च्या टेक्सास टेकचं नावही त्या यादीत सन्मानाने. टीव्हीवाल्यांना हे चालणार नाही हे मलाही कळतं. डिसेंबरचा पहिला शनिवार कधी भरलेला, कधी रिकामा, असं वेळापत्रक कुणी विकत घेत नाही. जादा सामना न्यायासाठी लावला असं मात्र कुणी मला सांगू नये.

माझी लेक इथेच वाढली, इथल्याच कॉलेजात फुटबॉल बघत चार वर्षं ओरडून आली. तिला माझं हे सगळं फार कोरडं वाटतं. “आई, तुझ्या नियमाने त्या वर्षी एसीसीचा सामनाच झाला नसता,” ती म्हणाली. “ड्यूकच्या मुलांना ती रात्र मिळालीच नसती. पाच सामने हरलेली टीम, आणि ओव्हरटाइममध्ये चॅम्पियन! हे तू कागदावर बसून काढून घेणार?”

तिचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. तो सामना मीही शेवटपर्यंत बघितला, आणि ड्यूक जिंकल्यावर टाळ्याही वाजवल्या. पण व्हर्जिनियाची पोरं आठपैकी सात जिंकली होती, याच ड्यूकला त्याच्या घरी जाऊन हरवून आली होती, आणि तक्त्यात त्यांच्या शेजारी कुणी नव्हतं. त्यांच्याकडून नेमकं काय राहिलं होतं, एवढंच मी तिला विचारलं. ती म्हणाली, “फायनल जिंकायची राहिली होती.” आम्ही अजून तिथेच आहोत.